जिन्याची रुंदी

चांदवडात सोमनाथ गांगुर्डे ठेकेदाराचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, काम चोख आहे हो त्याचं, पण डोकं खातो. दोन्ही गोष्टी खऱ्या. माणूस मूळचा नामपूरचा. तरुणपणी सातपूरला कारखान्यांच्या बांधकामांवर मिस्त्री म्हणून राबला आणि तिथे त्याला एक खोड लागली. मंजूर नकाशात जे आहे, तेच जागेवर बांधायचं. कारखान्यात हे खपून गेलं. पुढे सासुरवाडीच्या गावी येऊन स्वतःची कामं घ्यायला लागला, तेव्हा त्याला कळलं, की इथे नकाशा नगरपरिषदेसाठी असतो आणि घर आपल्यासाठी.

परवानगीचा कागद हातात पडला की मालकाला एकेक गोष्ट आठवायला लागते. गॅलरी जरा रस्त्यावर घेऊ. बाजूची मोकळी जागा कशाला सोडायची, शेजाऱ्याने तरी कुठे सोडलीय? बाकीचे ठेकेदार मान डोलावतात. मालकाचं घर, मालकाची हौस. सोमनाथ मात्र टेप काढतो, मोजतो, "नियमात बसत नाय" म्हणतो आणि गप्प उभा राहतो. असा माणूस फार ताप देतो. भांडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

यापायी त्याच्या हातची कामं जायची. तो पिशवी घेऊन भरदुपारी घरी आला की उज्वला, त्याची बायको, ओळखायची. "आलात सोडून? मग आज नियमाचीच भाजी करते," म्हणायची. तो हसायचा. पण ताटातली भाकरी अर्धी राहायची.

खरी गोम अशी होती, की सोमनाथला नियमांमागची कारणं चांगली ठाऊक होती. घराच्या बाजूला जागा का सोडायची, दार एवढंच रुंद का, जिना अमुकच का. घराला आग लागते. माणूस आजारी पडतो. म्हातारपण येतं, आणि एक दिवस माणसाला आडवं बाहेर काढावं लागतं. त्याच्याच गल्लीत एका म्हाताऱ्याची छाती दुखायला लागली, तेव्हा अरुंद जिन्यावरून त्याला खुर्चीला बांधून उतरवलं होतं. वळणावर खुर्ची कलली आणि म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी भिंत धरली. ते हात सोमनाथ विसरला नव्हता.

पण हे सांगायचं कसं? नारळ फोडून भूमिपूजन केलेलं, मालकाच्या चेहऱ्यावर आनंद, आणि आपल्यात तर वास्तू तथास्तु म्हणते. घरात जे बोलाल ते खरं होतं. घर बांधणाऱ्याने मरणा-आजाराचं नाव काढायचं म्हणजे त्या घराच्या मुळावर उठायचं. सोमनाथ स्वतः हे मानणारा. म्हणून तो फक्त 'नियम' म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं, हा नुसता कागदाचा किडा आहे.

योगेशचं काम त्याने घेतलं, तेव्हा मनातून तो खूश होता. योगेशचं हायवेला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. गावातल्या प्लॉटवर खाली गाळे आणि वर राहायला घर, असा बेत. वर एक खोली आईसाठी, नवसाबाईसाठी, आणि तिला खिडकीतून चांदवडचा डोंगर दिसावा ही योगेशची हौस. पोरगा आईवर जीव टाकणारा होता, यात शंका नाही.

भिंती वर यायला लागल्या आणि योगेशच्या मनात आणखी एक गाळा आला. जागा एकच होती, जिन्याची. नकाशात साडेतीन फुटी जिना होता.

"दोन फुटी करू, सोमनाथभाऊ. तेवढ्यात मानूस जातो की."

"नियमात बसत नाय."

"अहो, कोन येतंय मोजायला?"

सोमनाथ गप्प उभा राहिला. योगेशने विषय सोडला, निदान सोमनाथला तसं वाटलं. मग भाच्याच्या लग्नाला सोमनाथ नामपूरला गेला आणि परत येऊन बघतो, तर दुसऱ्याच मिस्त्रीने गाळ्याची भिंत जिन्याच्या जागेत घुसवून खांद्याइतकी उभी केलेली. वरच्या विटांमधला सिमेंटचा माल अजून ओला होता.

"हाई काय शे?" चिडला की त्याच्या तोंडी अहिराणीच येई.

योगेश म्हणाला, "माझं घर शे." मुद्दाम त्याच्याच बोलीत, चिडवायला.

मग मात्र सोमनाथने ओळंबा गुंडाळला, टेप पिशवीत टाकला, मजुरांना सांगितलं, बाबांनो, माझं काम संपलं. चांगलं चाललेलं काम होतं. घरी काय सांगायचं, याचा विचार आत्ताच सुरू झाला होता. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आपली खोली बघायला हौसेनं आलेली नवसाबाई खाली उतरली.

"काय रे सोमनाथ, निघाला कुठं?"

"नाय जमायचं मला मावशी. नियमात बसत नाय."

"कसला नियम?"

सोमनाथ जमिनीकडे बघायला लागला. सत्तरीच्या बाईला, तिच्याच नव्या घरात, तिच्या तोंडावर कसं सांगावं?

"काय नाय आई, उगाच ताणतोय तो," योगेश म्हणाला. "तू चल. जिना कुठून येतो, वर खोली कुठं पडते, समदं दाखवतो."

नवसाबाईचे गुडघे कामातून गेलेले, आणि वाटेत विटांचा खच. योगेशने प्लास्टिकची खुर्ची मागवली. एक मजूर पुढे, एक मागे, असं दोघांनी खुर्चीसकट म्हातारीला उचललं.

"नवरीसारखं मिरवताय का रे मला?" ती म्हणाली आणि सगळे हसले.

दोन भिंतींमधून खुर्ची सरळ आत गेली. कोपऱ्यात जिना काटकोनात वळणार होता, तिथे मात्र अडली. पुढचा मजूर भिंतीला चिकटला, त्याला फिरता येईना. खुर्चीचा हात विटांना लागला. त्यांनी ती तिरकी केली, तसा म्हातारीचा गुडघा ओल्या भिंतीवर घासला आणि लुगड्याला सिमेंट लागलं. हसणं थांबलं.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

त्या चिंचोळ्या जागेत बसूनच तिने एका भिंतीकडे बघितलं, मग दुसरीकडे. मग बाहेर उभ्या सोमनाथकडे बघितलं. त्याला मान वर करवेना.

"योगेश, मी आजारी पडले म्हंजे रे?"

"आई! काहीबाही बोलू नको. वास्तू तथास्तु म्हनती."

"म्हनू दे की. जे व्हायचं ते व्हतंच," म्हातारी शांतपणे म्हणाली. "वर त मला तू नेशील लेका. पन खाली कसा आनशील?"

 सोमनाथला वाटलं, एवढी वर्षं नियम नियम करत फिरलो, पण हे एक वाक्य तोंडातून काढायची छाती झाली नाही आपली. कामं गेली त्याचं नाही, पण ज्यांच्या घरांचे जिने आपण गप्प राहिल्यामुळे दुसऱ्यांनी अरुंद बांधले, त्या घरांतली माणसं त्याला आठवली. त्याला स्वतःची लाज वाटली.

योगेश आईकडे बघत उभा होता. मग तो भिंतीपाशी गेला, वरची एक वीट दोन्ही हातांनी हलवून काढली आणि खाली ठेवली. मग दुसरी काढली. ओल्या मालाने त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या भरल्या, तरी तो थांबेना, आणि डोळे पुसायला हात मोकळे नसल्यामुळे ते तसेच वाहत राहिले.