कच्च्या शूटिंगमधला आवाज

फोटो स्टुडिओत किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. लग्नाची ऑर्डर द्यायला येणारा माणूस घाईत असतो, तो दोन शब्द बोलून निघून जातो. पण तोच माणूस काही वर्षांनी परत येतो, स्टुलावर बसतो, पाणी पितो आणि म्हणतो, "वैनी, एक काम होतं." तिथून किस्सा सुरू होतो!

आमचा स्टुडिओ हिंगोलीत आहे. पुढे काउंटर, मागे कॉम्प्युटर. शूटिंग आधी आमचे हे करायचे, आता माझे दीर प्रकाश भाऊजी करतात. मी काउंटर सांभाळते, अल्बम लावते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दिवसभर आमच्यासोबत दुकानातच असतात. त्यांना आता फार अंधुक दिसतं, त्यामुळे घरी एकटं ठेवायला जीव धजत नाही.

* * *

आमच्या ह्यांना कुठलीच वस्तू टाकवत नसे. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायची वेळ आली की आधी त्याचं पोट उघडून हार्ड डिस्क काढून घ्यायचे, अल्बमच्या उरलेल्या मखमलीत गुंडाळायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. मग हे गेले. कळमनुरीच्या रोडवर, एका शूटिंगहून परत येताना, गाडीचा अपघात होऊन. पेटी तशीच राहिली.

यंदा लग्नाच्या सीझनला डिस्क कमी पडायला लागल्या तेव्हा भाऊजींनी डॉकिंग स्टेशन मागवलं. छोटासा काळा डबा, वर दोन खाचा. जुनी डिस्क खाचेत उभी करायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची, की डिस्क परत कामाला लागते.

आत्याबाईंनी त्यावरून हात फिरवला. दोन्ही खाचांत बोटं घालून पाहिली.

"पाव भाजायचं मशीन काहून आणलं रे? आपल्यात कोण खाते पाव?"

"माय, यात लोकांची लग्नं भाजतो आता आमी!" भाऊजी हसत म्हणाले.

"मंग ध्यान ठेव बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "करपू देऊ नको!"

* * *

पेटीतल्या सगळ्या डिस्कवर ह्यांनी शूट केलेली लग्नं होती. ते आत्याबाईंना कळलं आणि त्यांनी हट्ट धरला, "मला दिलीपचा आवाज ऐकव."

खरं सांगायचं तर ह्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. मुळात बोलणं कमी. ह्यांचा फोन अपघातात फुटला, आणि माझ्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता. भिंतीवर फोटो आहे, पण आत्याबाईंना तो दिसत नाही. त्यांना आवाजच पाहिजे.

भाऊजींनी एका लग्नाची पूर्ण फिल्म लावली. आत्याबाई स्पीकरला कान लावून बसल्या. बराच वेळ बसल्या.

"गाणंच वाजून राहिलं की रे! माझं लेकरू कुठंय यात?"

"माय, फिल्म बनवताना माणसांचा आवाज काढून टाकतो आमी. वरून गाणं बसवतो. बोलणं ऱ्हाते कच्च्या शूटिंगमधी."

"मंग कच्चं लाव!"

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. कच्चं शूटिंग त्या पेटीतल्या डिस्कवरच होतं. आणि त्याच डिस्क पुसून आम्हाला नव्या लग्नांना वापरायच्या होत्या.

शेवटी असं ठरलं, की डिस्क डॉकमध्ये लावली की आधी मी हेडफोन घालून सगळं ऐकायचं. मग भाऊजींनी पुसायचं.

"सापडला की मला हाक मार," आत्याबाई म्हणाल्या. "झोपले असले तरी उठव!"

* * *

सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावातून एक जण आला. त्याची आई वारली होती. दहाव्याला बॅनर लावायचं होतं आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"आधार कार्डावरचा मोठा करून पाहिला वैनी," तो म्हणाला. "पण त्यात माय चोर दिसून राहिली!"

त्याच्या चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग ह्यांनी केलं होतं. डिस्क निघाली, डॉकमध्ये बसली, सुरूही झाली. आणि पंगतीत म्हातारी सापडली! घास हातात, आणि दुसरा हात सरळ कॅमेऱ्यापुढे.

"जेवताना काय काढतो रे मुडद्या! तिकडं नवरीचा काढ ना!"

मी श्वास रोखून ऐकत होते. हे काहीतरी उत्तर देतील असं वाटलं. पण शिवी खाऊनही हे काही बोलले नाहीत. कॅमेरा तेवढा हलला. हसले असतील.

भाऊजी त्या माणसाला म्हणाले, "चेहरा चांगला आला आहे. तो हात काढून टाकतो कॉम्प्युटरवर."

"नका काढू दादा. हात न्हाई तर आमची माय वळखूच येणार न्हाई."

गावाच्या फाट्यावर बॅनर लागलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली म्हातारी तळहात दाखवतेय. जणू म्हणतेय, माझा नको, दुसऱ्या कोणाचा तरी लावा!

* * *

एक डिस्क उघडेचना. डॉकमध्ये ठेवली की नुसती टक, टक, टक. भाऊजींनी काढून परत लावली, वायर बदलली, दुसऱ्या खाचेत घातली. कोणीतरी सांगितलं की डिस्क फ्रीजमध्ये ठेवली तर कधी कधी चालते. म्हणून ती पिशवीत बांधून फ्रीजमध्येही ठेवली. दूध बाहेर, डिस्क आत! दूध नासलं. डिस्क परत लावली तर टक, टक, टक.

आत्याबाईंनी कान जवळ नेला.

"चालू तर आहे की रे! जीव आहे तिच्यात."

"माय, डिस्क मरताना असाच आवाज करते," भाऊजी बोलून गेले.

आत्याबाईंनी मान हलवली आणि डिस्कवर हात ठेवला. टकटक थांबेपर्यंत हात काढला नाही.

* * *

एके दिवशी सकाळीच एक वयस्कर काका आले. त्यांच्या मुलीचं लग्न ह्यांनी शूट केलं होतं. ते लग्न टिकलं नाही, पोरगी परत माहेरी आली. आम्ही जुन्या डिस्क पुसतोय हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं.

"आमची पुसली का?"

"न्हाई काका, अजून नंबर यायचाय तिचा."

"मग आता लावा. माझ्यासमोर पुसा."

भाऊजींनी डिस्क शोधून लावली. डॉकचा निळा दिवा लागला. नियम तो नियम, म्हणून काकांना थोडं थांबायला सांगून मी हेडफोन घातले. काका स्क्रीनकडे बघत उभे राहिले. हळद आली, मांडव आला. पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात खळखळून हसत होती.

"थांबा," काका म्हणाले. "हळद राहू द्या. तिची आजी आहे त्यात. मांडव बी राहू द्या."

"मग पुसू काय काका?"

काका स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "पाठवणी तेवढी पुसा."

मी पाठवणी ऐकली. बँडशिवाय काही नव्हतं. मी मान हलवली, आणि भाऊजींनी तेवढीच फाईल पुसली.

* * *

कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची बाई आली. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, कडेवर लेकरू. म्हणाली, "ताई, माझ्या लग्नाच्या फिल्ममधी ढावलोच न्हाई. तिथं तुमी सिनेमातलं गाणं टाकलं."

तांड्यावरची नवरी सासरी निघताना आईच्या, बहिणींच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते ते ढावलो. फिल्ममध्ये ते शोभत नाही म्हणून आम्हीच काढलं होतं. "माझी याडी गेली आता," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "त्या ढावलोत तिचा आवाज आहे. मला तो पायजे."

डिस्क लावली. तिनं ऐकलं, मीही ऐकलं. नवरी गातेय, आई हुंदके देत साथ देतेय. शब्द मला कळत नव्हते, पण कळायची गरजही नव्हती. आणि मध्येच, माइकच्या अगदी जवळ, कोणीतरी नाक ओढलं.

मी धावत आत्याबाईंना घेऊन आले, हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि तेवढा तुकडा परत वाजवला.

"हा दिलीप," त्या लगेच म्हणाल्या. "लहानपणापासून असाच रडते, नाक दाबून. कुणाला कळू नये म्हणून!"

तांड्यावरची ती बाई एकदम म्हणाली, "दादा रडत होते? माझ्या लग्नात?"

आम्ही ढावलो तिच्या मोबाईलमध्ये भरून दिलं. आत्याबाईंना मी सांगितलं, "आत्याबाई, सापडले की हो."

"रडणं सापडलं," त्या म्हणाल्या. "बोलला कुठं?"

* * *

सीझन ऐन भरात आला. पेटीत शेवटची डिस्क राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला ती पाहिजेच होती. भाऊजी म्हणाले, "वैनी, आज ऐकून घ्या. उद्या मी नेतो ती."

कळमनुरीचं लग्न. मांडवापासून डीजे. अक्षता डीजेत, जेवण डीजेत. कोणाच्या तोंडाचा एक शब्द ऐकू येईल तर शपथ! मी कान दुखेपर्यंत ऐकत होते. आत्याबाई दाराजवळ स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी विचारणंही सोडून दिलं होतं.

आणि लग्नघरची लाईट गेली. डीजे एकदम बंद!

एवढी शांतता झाली की मांडवातला पंखा थांबताना ऐकू आला. व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर चालूच होता. समोर नवरीची म्हातारी आजी बसलेली. फोटो काढायचा म्हणून ती लाजून तोंड फिरवत होती. आणि जवळूनच ह्यांचा आवाज आला. रोज घरात यायचा तसाच, सावकाश.

मी हेडफोनची वायर उपटली. आवाज दुकानभर झाला.

"माय, अशी उजेडाकडं सरका... व्हय. पदर बराबर करा."

मला हाक मारायची गरजच पडली नाही. आत्याबाईंनी स्टूल दाराच्या उजेडात सरकवलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"आता इकडं पाहा. माझ्याकडं... हसा थोडं."

आत्याबाईंनी आवाजाकडे तोंड केलं आणि हसल्या. भाऊजी गिऱ्हाईकाशी बोलत होते, ते तिथेच थांबले.

"हलू नका हं."

ह्यांना फोटो काढायला नेहमीच वेळ लागायचा. स्पीकरमधून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आत्याबाई तशाच, मान ताठ, चेहऱ्यावर हसू धरून बसल्या. आम्ही कोणीच हललो नाही.

मग खट्‌ असा आवाज झाला.

"झालं, माय."

आत्याबाईंनी श्वास सोडला, पदर सैल केला आणि विचारलं, "बराबर आला का रे?"