बिनचाकाचं विमान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात पेढ्यांचा डबा उघडा आहे, आतल्या खोलीत सुजाता गुणगुणतेय, आणि मी कागद घेऊन बसलोय — एवढ्या आनंदाच्या दिवशी माणसाला नेमकं हेच आठवावं का?

सुजाता माझी बायको. त्याआधी माझ्याच वर्गात होती, सोयगावहून इथं इंजिनिअरिंगला आलेली. शेवटच्या वर्षी आम्हा दोघांना एकच विषय मिळाला — दोन टप्प्यांचं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळविमान. खालचं विमान वरच्याला पाठीवर घेऊन धावपट्टीवरून उडतं, खूप उंचावर सोडतं आणि माघारी येतं. वरचं अंतराळात जातं, काम झालं की तेही धावपट्टीवर उतरतं. पंख केवढे, इंधन किती, कोणत्या वेगाला सोडायचं — कॉम्प्युटरवर हजार जुळण्या करून सगळ्यात हलकं विमान शोधायचं. ज्याचं हलकं, तो स्पर्धेला जाणार.

माझं हलकं निघालं, आणि थोडंथोडकं नाही! वरच्या विमानाचं वजन जरा घटलं की खालचं इंधन, पंख, सगळंच घटत जातं ना. सर तिला म्हणाले, "पोरी, तुझं विमान लई खातंय." वर्ग हसला. मीही हसलो, अगदी मोकळ्या मनानं — कारण तेव्हा मला माहीत नव्हतं.

कळलं ते स्पर्धेच्या आदल्या दुपारी. क्रांती चौकात पोस्टर छापून घेत होतो. चित्र मोठं होऊन बाहेर आलं, बघतो तर वरच्या विमानाला चाकंच नाहीत. उडताना ते दुसऱ्याच्या पाठीवर, मग त्याला चाकं कशाला — म्हणून चाकांच्या वजनाचा रकाना मी शून्य ठेवला होता. पाठीवर बसून गेलेल्याला परत उतरायचंही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सुजातानं चाकं धरली होती. तिचंच विमान खरं होतं.

मी तिला एक फोन करायला हवा होता, बस्स. मी काय केलं? चित्रात चाकं जोडून टाकली. वजन तेच राहू दिलं.

बक्षीस मिळालं. पुढं आमचं लग्न झालं, छान झालं. तिनं माझी फाइल मागितली तेव्हा हरवली म्हणालो. 'जड विमानवाली' म्हणून तिला चिडवत आलो — सासर, माहेर, सगळे हसतात, तीही हसते. पण मधूनच जुनी वही काढते. "माझं कुठं चुकलं ते शोधल्याबिगर सोडणार नाय," म्हणते. त्याच हट्टानं ती संशोधनात शिरली.

आज तिचा शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. दोन टप्प्यांचं विमानच! मला इतका आनंद झाला की पेढे घेऊन येताना वाटेत अनोळखी माणसांनाही वाटले. घरी आलो तर तिनं निबंधाचं शेवटचं पान पुढं केलं. आभारात माझं नाव होतं — 'ज्याच्या हलक्या विमानानं मला इतकी वर्षं माझी चूक शोधायला लावली.'

तिची चूक नव्हतीच. ती ओळ छापली जायच्या आत हा कागद मी तिच्या वहीवर ठेवतोय. चाकं मी विसरलो होतो, हे खरं. पण आठवल्यावर ती फक्त चित्रात लावली.