या खोलीतलं या खोलीत

उमरग्यात सोयरीक जुळवायची म्हणजे बऱ्याचदा दोन भाषांत जुळवावी लागते. मुलगी इकडची, मुलगा आळंद-बसवकल्याणकडचा. मुलाच्या आजीला कन्नडशिवाय वाचता येत नाही आणि मुलीच्या मामाला कन्नड अक्षर म्हणजे जिलबी. म्हणून मुलीची माहिती एकाच पानावर दोन्ही लिप्यांत छापून घ्यायची पद्धत पडली, आणि ते पान करून घ्यायला लोक राजेश्वरीअक्कांकडं जाऊ लागले.

हमरस्त्यापासून दोन घरं आत अक्कांची पुढची खोली. हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरतात. खोलीत टेबल, संगणक, प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी बाकडं आणि दाराजवळ एक स्टूल. स्टूल शेजारच्या अन्वरीचं. ती ब्लाउज शिवायची, पण हातशिलाईचं काम घेऊन अक्कांकडं येऊन बसायची. तिच्या घरात उजेड कमी, आणि अक्कांकडं बातम्या जास्त, असं ती स्वतःच सांगायची.

अक्कांनी लग्न केलं नाही. वडिलांचा टायपिंगचा क्लास होता, ते गेल्यावर त्यांनी चालवला, आणि टायपरायटर भंगारात गेले तेव्हा संगणक घेतला. 'स्वतःचं जमलं न्हाय, दुसऱ्याचं जमवती' असं गावात कुणी म्हटलं तर त्या म्हणत, "अरे, ज्याचा सदरा फाटका तोच चांगला शिंपी असतो. अन्वरीला विचार." अन्वरी दोरा दातांनी तोडत म्हणायची, "मेरा नाव कायको घेती गं?"

त्यांच्या कामाची एक रीत होती. पान तयार झालं की त्या मुलीच्या आईबापांना ओसरीवर चहाला पाठवायच्या आणि मुलीला एकटीला पडद्यासमोर बसवून विचारायच्या, "पाठवू का?" मुलगी हो म्हणाली तर पान छापलं जायचं. नाही म्हणाली तर प्रिंटर बिघडायचा. तो महिनाभर बिघडलेला राहायचा, आणि तोवर स्थळ दुसरीकडं ठरायचं. आईबापांनाही हे कळत असावं. तरी ते येत, कारण त्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. "या खोलीतलं या खोलीत," अक्का म्हणायच्या. त्यांची सारी मिळकत म्हटली तर एवढीच.

गेल्या वर्षी जुना संगणक बसला. नवा आला तो देखणा होता, पण अक्कांच्या बोटांना ओळखेना. त्यांची बोटं टायपरायटरवर घडलेली. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर हे त्यांच्या डोक्याला नव्हे, बोटांना पाठ. नव्या संगणकात मराठी होती, कन्नडही होती, पण अक्षरांच्या जागा निराळ्या. एक ओळ लिहायला चहा गार होऊ लागला. मग त्यांनी इंटरनेटवर शोधलं, आणि टायपरायटरची जुनी मांडणी, मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी, फुकट देणारं एक सॉफ्टवेअर त्यांना सापडलं. कुणी बनवलं, त्याचं नाव कुठं नव्हतं. खाली सूचना होती: बसवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर तो अडवतो.

आपल्या लिपीचं काही असलं की परदेशी यंत्र कुरकुर करतंच, असं अक्कांना वाटलं. त्यांनी अँटीव्हायरस नावाचा राखण्या बंद केला आणि पाहुण्याला आत घेतलं. बोटं पुन्हा पळू लागली. त्या आनंदात राखण्याला पुन्हा उठवायचं राहूनच गेलं.

नंतर बारीकसारीक गोष्टी घडत गेल्या. मोबाइलवरून संगणकाला जोडलेलं नेट संध्याकाळपर्यंत पुरायचं, ते दुपारीच संपू लागलं. कुणी हात लावलेला नसताना संगणकाचा पंखा घुरघुरायचा. इंटरनेट उघडलं की नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान समोर यायचं. "उन्हाळा हाय," अन्वरी म्हणाली, "आपल्यालाच काम होईना, त्याला कुठलं होतंय?" अक्कांनाही ते पटलं. उमरग्यात एप्रिलात काहीही बिघडलं तरी दोष उन्हाला देता येतो.

त्याच दिवसांत नागम्मा आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेक अर्पिता, लॅबमध्ये कामाला, कमी बोलणारी. नागम्मांचा आग्रह होता की आधीची सोयरीक मोडली हे पानावर स्पष्ट लिहायचं. "लपवून ठेवलं न् मागनं कळलं, तर अक्का, आमच्या अंगावर येतंय."

अक्का कळांकडं वळल्या. मोडली हा शब्द त्यांना पानावर बरा दिसेना. थोडा वेळ विचार करून त्यांनी लिहिलं: 'यापूर्वीची एक सोयरीक परस्पर संमतीने थांबली.' मग नेहमीप्रमाणे नागम्मांना चहाला पाठवून अर्पिताकडं पाहिलं. अर्पितानं ओळ वाचली, मान हलवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. अक्कांनी ओळ पुसली. दोघींत एक शब्दही झाला नाही. दाराजवळ अन्वरी पडद्याकडं पाठ करून काजं करत होती. पान त्या ओळीशिवाय छापलं गेलं, आणि नागम्मांना घाईत ते लक्षात आलं नाही.

आठवडा गेला असेल. नागम्मा एकट्याच आल्या, चपला न काढता.

"अक्का, तुमच्यावर इश्वास ठेवून लेक आणली म्या. काय केलं हे तुम्ही?"

"बसा तरी. काय झालं?"

"फोन यायलाय पोरीला. कोण बाबा हाय माहीत न्हाय. म्हणतो, 'तुमची सोयरीक परस्पर संमतीने थांबली म्हणे. माझ्याशी बोलत जावा, न्हायतर मुलाकडच्यांना कळवतो.' पोरीनं दोन दिस जेवण सोडलंय. आमच्या न् त्या जुन्या सोयऱ्यांच्या घराबाहेर ही गोष्ट कुणालाच ठावं न्हाय, पानावर बी ती ओळ नव्हती. फक्त इथं बोललो आमी." नागम्मांची नजर दाराकडं गेली. "त्या दिवशी इथं अजून कोण होतं?"

स्टुलावर अन्वरी होती. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"सरळ नाव घ्या ना बाई. तिसरी मीच होते."

अन्वरीनं अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी लगेच काही बोलायला हवं होतं. पण त्या हिशेब करत राहिल्या. मनात एवढंच आलं, की मी बोलले नाही, अर्पिता बोलणार नाही, मग कोण? क्षणभराचीच गोष्ट, पण अन्वरीनं ती वाचली. कपडे मापायची सवय असलेल्या बाईला माणूसही नजरेनं मापता येतो.

"बरं," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली. जाताना हसली असती तर बरं झालं असतं.

नागम्मा गेल्यावर अक्का खोलीत तशाच बसून राहिल्या. तालुक्यात उद्या काय बोललं जाईल ते त्यांना ऐकू येत होतं. पण त्याहून मोकळं स्टूल सलत होतं. जेवणाचं ताट त्यांनी झाकून ठेवलं आणि नागम्मांचं बोलणं पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. परस्पर संमतीने थांबली. फोनवरच्या माणसानं हेच शब्द वापरले. नागम्मा तर 'मोडली' म्हणाल्या होत्या. 'परस्पर संमतीने' हे त्या खोलीत कुणी उच्चारलंच नव्हतं. ते अक्कांच्या डोक्यातून बोटांत आलं, बोटांतून पडद्यावर आणि पडद्यावरून पुसलं गेलं. कागदावर ते उतरलंच नाही. अन्वरीची तर पडद्याकडं पाठ होती.

म्हणजे ते कुणाच्या कानानं बाहेर नेलेलं नव्हतं. कळांनीच नेलं होतं.

अक्का उठल्या आणि त्यांनी आधी मोबाइलवरचं नेट बंद केलं. चोर घरात असेल तर दार बाहेरून लावावं, एवढं त्यांना कळत होतं. मग जैनोद्दीनला फोन केला. बसस्टँडजवळ त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. कधीकाळी तो अक्कांच्या क्लासात टायपिंग नापास झालेला विद्यार्थी.

त्यानं संगणक उघडून थोडा वेळ पाहिलं. "अक्का, अँटीव्हायरस बंद कुणी केला?"

"मीच."

"कायको?"

"सूचना होती तशी."

"चोरानं सांगितलं कुत्रा बांधून ठेव, न् तुमी बांधला. व्वा." मग त्याला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली. "मी पन बांधला असता. लई जनांनी बांधलाय, माझ्याकडं येतात ना." त्यानं राखण्या पुन्हा चालू केला. तपासणी सुरू झाली आणि पडद्यावर लाल रंगात टायपिंगच्या त्याच सॉफ्टवेअरचं नाव आलं. "हे टायपिंग करून देतंय, ते खरं हाय. तुमी दाबलेली हर एक कळ याच्या हातातनं जाती. मधनंमधनं पडद्याचा फोटू काढून बाहेर पाठवतंय. नेट दुपारीच कसं संपतं, आता कळलं का? पंखा बी त्यासाठीच फिरायचा. ते पान बदलायचं बी याचंच काम."

"उन्हाळा नव्हता तर."

"उन्हाळा कायम असतोय, अक्का. त्याचा फायदा घेतात."

अक्कांनी विचारलं, ते नुसतं काढून टाकलं तर? जैनोद्दीननं मान हलवली. एक दिसलं म्हणून एकच असेल असं नाही. त्यापेक्षा सगळं पुसून संगणक नव्यानं बसवावा. फोटो आणि पानं तेवढी तपासून वेगळी ठेवावी. पासवर्ड सगळे बदलावे, पण या संगणकावरून नाही, मोबाइलवरून. नाहीतर नवी किल्लीही त्याच्याच हातात दिल्यासारखं. "आणि रोजच्या कामाला वेगळं खातं करून देतो, ज्यात काही नवीन बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागेल. तेवढं थांबायला लागलं की मानूस विचार करतो."

"आणि माझी बोटं?"

जैनोद्दीन हसला. "ती मात्र तुमालाच शिकवायला लागतील. मला नापास केलं होतं ना."

संगणक त्यानं नेला. अक्का दारात उभ्या राहिल्या. आता दोन वाटा होत्या. संगणक साफ व्हावा, फोनवाल्याविरुद्ध नागम्मांनी पोलिसांत अर्ज द्यावा, आणि बाकी कुणाला काही कळू नये, ही एक; घरोघरी खरं सांगावं, ही दुसरी. कुणाला कळणारही नव्हतं. पण गेल्या काही महिन्यांत त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक मुलीचा फोटो, फोन, पत्ता कुणाच्या तरी हातात होता. उद्या दुसऱ्या कुणाला फोन आला तर तिची आईही कुणा अन्वरीकडं बोट दाखवेल. 'या खोलीतलं या खोलीत' हे वाक्य अक्कांना आता म्हणता येणार नव्हतं. आणि ते म्हणता येत नाही, हे लोकांना सांगितल्याशिवाय दुसरं काही म्हणताही येणार नव्हतं.

पण आधी त्या अन्वरीकडं गेल्या. अन्वरी मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही.

"तू नव्हतीस," अक्का म्हणाल्या. "आणि मला ते तेव्हाच माहीत असायला पाहिजे होतं."

मशीन चालत राहिलं. कापड फिरवत अन्वरी म्हणाली, "पंधरा वर्सांपासनं बसते तुझ्याकडं. बाहेर सांगायचं असतं तर आजपातूर एक तरी लगन टिकलं असतं का गं गावात?"

अक्का हसल्या नाहीत. अन्वरीही हसली नाही, पण मशीन थांबलं.

त्या संध्याकाळपासून अक्कांनी घरोघरी फोन लावले. कुणा मधल्या माणसाकरवी निरोप दिला नाही. चूक माझी, फुकटच्या गोष्टीला मी दार उघडलं, तुमच्या मुलीची माहिती बाहेर गेली असू शकते, अनोळखी फोन आला तर घाबरू नका, लपवू नका, पोलिसांत सांगा. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी फोन ठेवला. वाशीकडच्या एका बापानं विचारलं, "मग तुमच्याकडं यायचं कशाला?" अक्कांनी पुढचा नंबर लावला. मुरूममधल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्याही मुलीला फोन आला होता आणि मुलीनं भीतीनं कॉलेजला जाणं सोडलं होतं. आता कारण कळल्यावर ती जाईल, म्हणाल्या. एवढ्यासाठी तरी फोन लावले ते बरं झालं, असं अक्कांना वाटलं, पण समाधान असं वाटलं नाही.

नागम्मांना त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, समोरासमोर. नागम्मांनी शेवटपर्यंत ऐकलं. "अन्वरीबाईवर म्या उगं संशय घेतला," एवढंच म्हणाल्या. मग पोलिसांकडं जायला पदर सावरून उठल्या. अक्काही सोबत गेल्या.

संगणक परत आला. जैनोद्दीननं त्यातली मूळची मराठी आणि मूळची कन्नड चालू करून दिली. अक्का रोज दुपारी नवी मांडणी शिकत बसतात. साठीला टेकलेली बाई 'क' शोधते आहे हे बघायला अन्वरीला मजा वाटते. ती पुन्हा येते, फक्त स्टूल आता तिनं पडद्यापासून आणखी लांब, ओसरीवर नेलं आहे. अक्कांनी आत ये म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. इथनं बी ऐकू येतंय सगळं." ते ऐकून दोघी हसल्या, पण स्टूल ओसरीवरच राहिलं. गिऱ्हाइकंही पूर्वीसारखी नाहीत. बाकडं बरेच दिवस रिकामं असतं.

परवा अर्पिता आली, आईशिवाय.

"अक्का, ती ओळ पुन्हा घाला."

"कुठली?"

"तुम्हाला माहितीय कुठली. पण 'परस्पर संमतीने' नको. खरं तसं नव्हतं. सोयरीक मीच मोडली होती. तो माझ्या पगाराचं आधी विचारायचा, मग माझं." तिनं पडद्याकडं बोट केलं. "जे मीच पानावर लिहिलं, ते फोन करून कोण कुणाला सांगणार?"

अक्कांनी कळांवर हात ठेवले. बोटं नव्या मांडणीत अडखळत होती. 'यापूर्वीची सोयरीक' एवढं लिहायलाच ओसरीवरचा चहा गार झाला. बाहेरून अन्वरी ओरडली, "पोरीचं लगन लावायचंय का म्हातारी करायचीय?"

शेवटची अक्षरं अर्पितानंच शोधून दिली. मग अक्का कळांवरून हात काढून मागं झाल्या.

"पाठवू का?"

"पाठवा," अर्पिता म्हणाली.

प्रिंटर चांगला चालू होता.