मिनिटाला पाच सेकंद

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिनिटकाकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर सोडून यावं एवढीच जागा. पण भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि चाळीसही एका ठोक्याला. "दोनच मिनिटं मागे पडतं, चालेल," असं कुणी म्हणालं की काका डोळ्यातलं भिंग न काढता म्हणतात, "दोन मिनिटं कमी वाटतात? नाक दाबून धरा बरं!" नाव पडलं ते असं.

या दुकानात काकांनी कधीच न मोजलेली एकच वस्तू होती. फळीवरचा टेपरेकॉर्डर. सव्वीस वर्षं तो रोज बाहेरून मऊ ब्रशने पुसला जाई, आतून उघडण्याची कुणाची छाती नव्हती. काकांची तर नाहीच. त्यातून गात फक्त बाई. गायिकेचं नाव काकांनी कधी घेतलं नाही, नुसतं 'बाई', आणि तेही जरा सावरून बसत. बाईंच्या एकतीस कॅसेटी, त्यांना नंबर, नंबरांची वही. "बाई गायल्यात आणि या वहीत नाही, असं एक गाणं आणून दाखवा," असं त्यांचं जगाला आव्हान होतं. जगाला फारशी पडली नव्हती.

बाईंचा आवाज भरदार, चाल सावकाश. रेडिओवर तीच गाणी ऐकली की काका वैतागत. "या रेडिओवाल्यांना बातम्यांची घाई. बाईंनाही पळवतात मेले!"

घरात नवी सून आली. ती ग्रंथालयात कामाला. वर्ष झालं तरी सासऱ्यांशी तिचं बोलणं 'डबा भरलाय बाबा' आणि 'किल्ली घेतलीत ना' याच्यापुढे सरकलं नव्हतं. एकदा काढून टाकायच्या कॅसेटींची यादी करताना तिला एक मिळाली. कव्हरवर फुलदाणी, खाली संगीतकाराचं ठळक नाव आणि मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, बाईंचं. साल पाहिलं तर काकांच्या नंबर एकच्याही चार वर्षं आधीचं. रीतसर परवानगी काढून तिने ती घरी आणली आणि रविवारी सकाळी, सगळे बसलेले असताना, नवऱ्याच्या मशीनवर लावली.

काकांनी अर्धं गाणं ऐकलं आणि चप्पल शोधायला लागले.

"अहो, काय झालं?" काकू म्हणाल्या.

"या बाई नव्हेत. कुणीतरी चिमणी आहे, आणि तिची गाडी सुटत्येय. फसवलं तुला, पोरी."

"पण बाबा, मागे नाव आहे..."

"नाव छापायला काय लागतं? मी बाईंचा श्वास ओळखतो."

सुनेने कॅसेट काढली, डबीत घातली आणि कुकरची शिटी झालेली नसताना स्वयंपाकघरात गेली. काकूंनी ते पाहिलं. सोमवारी काकांच्या डब्याच्या पिशवीत ती फुलदाणी निघाली. काकूंचा दुकानात फोनही आला, "पूर्ण ऐका. पोरगी काल धड जेवलेली नाही. न ऐकता आलात तर चहा स्वतः करायचा."

खोटेपणा सिद्ध करायला म्हणून काकांनी ती फळीवर लावली, आणि त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. बाई! त्याच भरदार, त्याच सावकाश, श्वाससुद्धा तोच. बरं, कॅसेट कालचीच.

त्यांनी कव्हर भिंगाखाली धरलं. गाण्यांपुढे वेळा छापल्या होत्या, ज्या बाईंच्या पुढच्या कुठल्याच कॅसेटवर नव्हत्या. पहिलं गाणं, चार मिनिटं दहा सेकंद. छापलेली वेळ तपासल्याशिवाय सोडणं त्यांच्या रक्तात नाही. स्टॉपवॉच लावलं. चार मिनिटं बत्तीस सेकंद. छापणाऱ्याला शिव्या घालून पुन्हा लावलं, दुसरं घड्याळ घेऊन. चार बत्तीस. दुसरं गाणं लावलं. तेही त्याच हिशेबाने लांबलेलं.

काकांनी स्टॉपवॉच बंद करून खाली ठेवलं. मग रेडिओकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

आयुष्यात पहिल्यांदा दुपारी साडेतीनला दुकान बंद झालं. दारावर पाटी, 'पाच वाजून दहा मिनिटांनी उघडेल'. टेपरेकॉर्डर कडेवरच्या मुलासारखा सांभाळत काका घरी आले. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोरी, माझं यंत्र मागे आहे."

"किती, बाबा?"

"मिनिटाला पाच सेकंद. आतला टेप फिरवणारा रबरी पट्टा सैल झालाय. चिमणी नव्हती ती. बाईच होत्या. मीच..."

काकू आतून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं गल्लीला नाक दाबायला लावलंत. आता कुणी दाबायचं?"

सून हसली. तोंडावर हात धरून आधी, मग हात काढून. काकांनी वाटेत घेतलेला नवा पट्टा खिशातून काढला, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि तिथेच अडले. हा पट्टा बसला की ओळखीचा तो आवाज गेला, एकतीसच्या एकतीस कॅसेटींतून. त्यांनी स्वतःचा चिमटा, ज्याला पोटच्या मुलानेही कधी हात लावला नव्हता, सुनेपुढे धरला.

"तू बसव. माझ्याच्याने नाही होणार."

"मला येत नाही, बाबा."

"मी सांगतो ना. उजव्या चाकावरून घे. घाई नको."

पट्टा बसायला अकरा मिनिटं लागली. काकांनी मोजली नाहीत, भिंतीवरचं घड्याळ तेवढं मोजत होतं. मग यंत्रातून एक कोवळी मुलगी मोकळ्या गळ्याने गायला लागली. काकांनी चप्पल शोधली नाही. एक बाजू संपली, तशी वही काढून सुनेपुढे सरकवली.

"लिही. तुझ्या अक्षरात. एकच्या वर जागा आहे बघ थोडी."

तिने लिहिलं. काकांनी भिंग लावून तपासलं आणि म्हणाले, "आणि त्या रेडिओवाल्यांचं काही चुकत नव्हतं म्हणायचं."

दुकान सहाला उघडलं. पाटी तशीच होती.