झालेलं केंद्र पुन्हा नको

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते. गेम थिअरीतल्या मिश्र डावपेचांचा धडा आला की फळ्यावर दरवर्षी परीक्षेतल्या कॉपीचंच उदाहरण घेते. ते समजावून सांगावं लागत नाही, त्यातलं आमच्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका बाजूला भरारी पथक, दुसऱ्या बाजूला कॉपी करणारा. पथक रोज एकाच केंद्रावर गेलं तर बाकीचे मोकळे. ठरलेल्या पाळीनं गेलं तर पाळी ओळखून मोकळे. म्हणून आज कुठं जायचं हे पथकाला स्वतःलाही आधी माहीत नसावं. दोघंही खेळता खेळता अशा जागी येतात की एकट्यानं आपला डाव बदलून कोणालाच काही मिळत नाही. त्याला समतोल म्हणायचं. एवढं सांगून मी हातावरचा खडू झटकते.

यंदा बारावीच्या परीक्षेला मला खरंच भरारी पथकात टाकलं. एक साहेब, एक मी, एक ड्रायव्हर आणि एक जीप. माझ्या भावाची मुलगी अल्लीपूरच्या पलीकडच्या एका केंद्रावर परीक्षेला बसणार होती, तर ते मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "काई हरकत नाई मॅडम. त्या केंद्रावर तुम्ही गाडीतच बसजा. नियम म्हणजे नियम." मला बरं वाटलं. चला, नियम पाळणारा माणूस दिसतो.

माझ्या डोक्यात गणित. मी केंद्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या गिलासात टाकल्या आणि सांगितलं, रोज सकाळी एक उचलायची, येईल तिथं जायचं, संध्याकाळी चिठ्ठी परत गिलासात. साहेब एकदम खूश. इंग्रजीच्या पेपरला पहिली चिठ्ठी निघाली ती नेमकी पुतणीच्याच केंद्राची. साहेब आत जाऊन आले, मी बाहेर जीपमध्ये घाम पुसत बसले. सगळं नीट होतं म्हणे.

पुढचा पेपर फिजिक्सचा. गिलास हलवला, चिठ्ठी काढली, पुन्हा तेच केंद्र. साहेब हसले. "मागच्या पेपरलेच गेलतो ना तिथं! पुन्हा काऊन? टाका वापस, दुसरी काढा."

मी म्हटलं, "साहेब, न जाता वापस टाकायची नसते. आली ती आली. एकदा झालेलं केंद्र लगेच येत नाही असं लोकांना कळलं, की त्या केंद्राला पुढच्या पेपरला सुट्टीच."

"मॅडम, तेच तेच केंद्र घेतलं तर लोक म्हणतील यांची काई दुश्मनी हाये. सगळ्यायले सारखं वागवा लागते." चिठ्ठी वापस गेली. दुसरी निघाली ती हिंगणघाटकडची, ड्रायव्हरनं गाडी वळवली. मी रस्ताभर समजावत होते. चिठ्ठीला आठवण नसते, माणसाला असते, आणि माणूस आपली आठवण चिठ्ठीत घुसवतो म्हणून सगळा घोळ होतो. साहेब मान हलवत होते आणि फोनवर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहत होते. भिंतीशी बोलले असते तर तिनं निदान फोटो पाहिले नसते.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला. रडत होती.

"आत्या, आज सगळं फळ्यावर लिहून देल्लं. गेटवरच लोक बोलून राह्यले होते, मागच्या पेपरले येऊन गेले, आज कोणी येत नाई. सर मोठ्यानं सांगून राह्यले होते. मले विचार करता येऊन नाई राह्यला. मी उठून म्हटलं, सर, हळू बोला, मले लिहू द्या."

"मग?"

"सगळे हसले. सर म्हणे, तुले नको असन तर कान बंद कर."

शी! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. पोरगी वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत होती. बाप भेंडी-वांगी घेऊन बाजारात जायच्या आधी हिचा दिवा लागलेला असायचा. तिला सेवाग्रामला नर्सिंगला जायचं होतं, बाकी काही नाही. आणि शिकवणाराच तिला कान बंद करायला सांगतो! मी साहेबांना फोन लावला, जे ऐकलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घरच्या माणसाची तक्रार तुम्हीच आणली तर बरं दिसते का मॅडम? पाहू, पाहू."

पाहिलं त्यांनी. केमिस्ट्रीच्या पेपरला गिलास सीटखाली होता, काढलाच नाही. साहेब म्हणाले, "आज तुमच्या पुतणीच्या केंद्रावरच जाऊ. तुमचंही समाधान, अन् त्यायनं जेवाचंही सांगितलं हाये." म्हणजे आम्ही येणार हे त्यांना कालपासून माहीत. वांग्याची भाजी आधीच चुलीवर चढली असणार. या असल्या भरारीवर थुंकावंसं वाटलं मला. मी ड्रायव्हरकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "काई नाई होत मॅडम. कॉपीची एखादी केस देतेत केंद्रवाले. दरवर्षी देतेत. साहेबाले वर दाखवाले लागते ना."

"देतात म्हणजे? केस देतात?"

"मंग! ज्याच्या मागं कोणी भांडाले येत नाई, असं लेकरू पाहून ठेवतेत."

किती सहज सांगितलं त्यानं. पाहुण्याला नारळ द्यावा तसं. पथकाला केस मिळते, केंद्राला पुढचे पेपर शांततेत मिळतात, गावाला निकाल मिळतो, आणि यातल्या कोणालाच काही बदलावंसं वाटत नाही. मी वर्षानुवर्षं ज्याला समतोल म्हणत आले तो हाच, अगदी व्याख्येबरहुकूम. पुस्तकात तो किती स्वच्छ दिसतो, आणि इथं त्याला नालीसारखा वास येत होता.

नियमाप्रमाणे मी जीपमध्येच बसले. वीस-पंचवीस मिनिटांत साहेब बाहेर आले, रुमालानं मान पुसत, चेहऱ्यावर कामगिरी. "भेटली एक. पोरगी हाये. बाकाखाली मायक्रो झेरॉक्स सापडली." आणि त्यांनी नाव सांगितलं.

माझ्या पुतणीचं.

मी दार उघडून उडीच मारली. "साहेब, माझी पुतणी, तीच ती पोरगी! जी सरांना हळू बोला म्हणाली, तीच! बाकाखाली काय, कोणीही टाकेल. तिच्या हातात होती का? तिच्या अंगावर सापडली का?"

साहेबांचा चेहरा क्षणभर पडला. मग सावरले आणि माझ्यासमोर हात आडवा धरला. "मॅडम, तुम्हाले आत जाता येत नाई. नियम हाये. तुमची नातेवाईक हाये म्हणून तर अजूनच नाई. उद्या लोक काय म्हणतील?"

चिठ्ठीला नियम नव्हता, फळ्याला नियम नव्हता, वांग्याच्या भाजीला नव्हता. माझ्या पायांना मात्र होता. तेवढ्यात पुतणी व्हरांड्यात आली, तिच्यामागे तेच कान बंद करायला सांगणारे सर. तिनं मला पाहिलं आणि तशीच पुढं चालत राहिली. मी तिथं गेटवर ओरडले, शिव्या दिल्या, कॉलेजातल्या बाईनं देऊ नयेत अशा. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आवाज करू नका, आत पेपर चालू हाये."

मी पथकाचं काम त्याच दिवशी सोडलं. नागपूरला सुनावणीला मीच तिला घेऊन गेले, सगळं सांगितलं, फळा, गिलास, जेवण. ऐकणाऱ्यांनी ऐकलं. झेरॉक्स बाकाखाली सापडली हे खरं आहे का, एवढंच विचारलं. केमिस्ट्रीचा पेपर रद्द झाला. पुरवणी परीक्षा जुलैत, त्याच केंद्रावर. नर्सिंगची ॲडमिशन या एका पेपरवर येऊन अडकली.

जुलैत मी सुट्टी टाकून गेले. भाऊ आणि मी गेटसमोरच्या निंबाखाली उभे होतो. तिची तयारी पक्की होती, आदल्या आठवड्यात मीच तिची उजळणी घेतली होती, एक समीकरण चुकत नव्हतं. पेपर सुटला तशी ती बाहेर आली, पाण्याची बाटली हातात, चेहरा कोरा.

"कसा गेला?" मी विचारलं.

"चांगला गेला."

"सगळे सोडवले?"

"सर सांगून राह्यले होते. मी लिहून घेतलं."

भाऊ म्हणाला, "बरं केलं बाई." त्याचा आवाज हलका झाला होता. महिनोन्‌महिने त्यानं असा श्वास सोडला नव्हता.

तिला सगळं येत होतं. एका शब्दासाठीही तिला त्या माणसाची गरज नव्हती. मी तोंड उघडलं, तशी ती माझ्याकडे वळली.

"काऊन आत्या, चुकलं का माझं?"

ती खरंच विचारत होती. उत्तर मला येत होतं, दरवर्षी फळ्यावर लिहिते तेच: एकट्यानं डाव बदलून कोणालाच काही मिळत नाही.

"नाई," मी म्हटलं.