गोकुळदासच्या गाडीचे दोन नट

गोकुळदास हा डिचोलीच्या स्टँडवरचा पायलट. पायलट म्हणजे विमान चालवणारा नव्हे. आमच्या गोव्यात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवून भाडं नेतो, त्याला पायलट म्हणतात. पुढचं मडगार्ड पिवळं असलं की गाडी पायलटची. मोपाला विमानतळ झाल्यापासून बाहेरून आलेली माणसं हा शब्द ऐकून हसतात. गोकुळदासला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तो आणि मी एका वयाचे, म्हणजे साठीकडे झुकलेले. मी नार्व्याकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. बसच्या वेळा माझ्या शाळेच्या वेळेशी कधीच जमल्या नाहीत, म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं मी या माणसाची पाठ बघत काढली आहेत.

त्या पाठीत काय काय बदललं ते मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असेल. पूर्वी ती ताठ असायची. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक अंगावर यायचे आणि हा शीळ घालत त्यांच्यामधून गाडी काढायचा. आता रस्ता तेवढा भरलेला नसतो, तरी समोरून मोठं वाहन आलं की त्याचे खांदे वर चढतात आणि ते जाईपर्यंत खाली येत नाहीत. खड्डा आला की तो अगदी हळू कण्हतो आणि मग मलाच विचारतो, टीचर, तुमका लागलां नाय मां? लागलेलं त्याला असतं.

त्याचा मुलगा गौरेश मोपाला विमानतळावर नोकरीला लागला आणि गेल्या वर्षी कायम झाला. कायम झाल्या झाल्या त्याने बापाला सांगितलं, आता पुरे, घरी बसा. हे ऐकून आपल्याला किती बरं वाटलं ते गोकुळदासने मला नंतर सांगितलं. पण त्या वेळी घरात तो एवढंच म्हणाला की आईला विचार. इथेच त्याचं चुकलं. त्याची बायको कमलाक्षी कुठलीही मोठी गोष्ट स्वतः ठरवत नाही, ती देवीला विचारते. आमच्याकडे ती रीतच आहे. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. हा कौल. प्रश्न कसा विचारला त्यावर सगळं असतं. कमलाक्षीने विचारलं, गाडी चालते आहे तोवर माझ्या घोवाने ती सोडू नये असं तुझ्या मनात आहे काय? उजवी पाकळी पडली.

झालं. देवीचा शब्द म्हटल्यावर गौरेश गप्प बसला. स्टँडवरच्या पायलटांनी गोकुळदासच्या पाठीवर थापा मारल्या, त्याही नेमक्या दुखऱ्या पाठीवर. आणि हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गाडी घेऊन हजर.

पावसाळा सरला तसा गाडीचा सायलेन्सर गेला. इंजिनातून जो वाकडा पाइप खाली येतो तो सडून फुटला आणि गाडी अशी बोंबलायला लागली की माझ्या आधी तिचा आवाज शाळेत पोचायचा. पोरं मस्ती थांबवून पुस्तकं उघडून बसायची, एवढाच काय तो फायदा. धूर सगळा माझ्या साडीत. मी तापट आहे, हे मी लपवत नाही. एक दिवस गाडीवरून उतरून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. सायलेन्सर बदल नाहीतर मी दुसरा पायलट बघते, असं सांगितलं. त्याने मान डोलावून गाडी वळवली. पण ही गोष्ट कमलाक्षीच्या कानावर गेली आणि तिने गौरेशकडून म्हापशाहून नवा सायलेन्सर आणवलासुद्धा.

आता नवा बसवायचा तर जुना निघायला हवा. तो इंजिनाला दोन नटांनी धरलेला असतो, आणि ते दोन्ही नट असे बसले होते की हलायचं नाव नाही. कृष्णनाथ मेकॅनिकने शुक्रवारी गाडी बघितली आणि मान हलवली. नट सुटला नाही आणि त्याच्या आतली सळी मोडली, तर तिचा तुकडा इंजिनात अडकणार. मग इंजिनाचं डोकं उतरवावं लागणार, आणि या जुन्या इंजिनाचे भाग आता कुठे मिळत नाहीत. म्हणजे सळी मोडली की गाडी संपली. कृष्णनाथने हे काळजीने सांगितलं.

शनिवारी शाळेतून परतताना गोकुळदासने गाडी एका काजूच्या झाडाखाली उभी केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. पण तो गाडीवरून उतरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टीचर, शब्द देवीचो. तो माझ्यान मोडूचो नाय. पण गाडीच मोडली, तर शब्द संपता."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्याला ती सळी मोडायला हवी होती. मी म्हटलं, अरे, मग कमलाक्षीला सरळ सांग ना की मी थकलो. तर म्हणतो, कुठल्या तोंडाने सांगू? जन्मभर तिला सांगत आलो की ही गाडी म्हणजे माझी लक्ष्मी, ही आहे तोवर मी आहे. मी त्याला दगड म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा किक मारली. मागे बसल्यावर मला त्याची फार कीव आली. आणि त्याच वेळी, सोमवारी मी शाळेत कशी जाणार हाही विचार आला. दोन्ही खरं आहे.

कृष्णनाथचं गॅरेज माझ्या घरासमोरच आहे, साखळीच्या रस्त्याला. पूर्वी हा खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. खाणी बंद पडल्यावर त्याने इथे पत्रे घालून गॅरेज उघडलं. माणूस कामाचा, पण त्याला एका गोष्टीचा भलता गर्व: आपल्या हातून आजवर बोल्ट तुटलेला नाही. रविवारी सकाळी मी माझ्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यात, चहा घेऊन बसले तेव्हा त्याचं काम सुरू झालं होतं. रात्रभर नटांना डिझेल पाजून ठेवलं होतं. गोकुळदास बाजूला एका उलट्या डब्यावर बसून होता. त्या गॅरेजमध्ये एकजण नट वाचवायला धडपडत होता आणि दुसरा मनातल्या मनात तो मोडायची वाट बघत होता, आणि हे मला एकटीलाच माहीत. मला धड चहाही जाईना.

कृष्णनाथने नटाच्या कडेचं काळं किटण खरवडलं, नाकाशी नेलं आणि भडकला. खोबरेल तेल कोणी घातलं म्हणून ओरडला. मला लगेच कळलं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना कमलाक्षी झेंडू, कुंकू वाहायची आणि वर एकेका नटाला मायेने खोबरेल लावायची. दाराच्या बिजागरीला लावतात, कुलपाला लावतात, मग गाडीने काय पाप केलं? पण सायलेन्सर तापतो. तापून तापून ते तेल डिंकासारखं आळलं, त्यात खाणीची लाल धूळ बसली आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला.

"मीच घातलंय," गोकुळदास म्हणाला. बायको तिथे नव्हती, तरी त्याने तिचं नाव येऊ दिलं नाही.

मग कृष्णनाथ आजाऱ्याची सेवा करावी तसा त्या नटांशी वागू लागला. छोट्या हातोड्याने टिकटिक ठोकायचं. गॅसच्या ज्योतीने नट लाल व्हायच्या बेतापर्यंत तापवायचा आणि त्यावर मेणबत्ती टेकवायची, म्हणजे मेण वितळून आट्यांत शिरतं. मग पाना लावून आधी जरासा आवळायचा, नंतर सैल करायचा, पुन्हा आवळायचा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पहिला नट कुरकुरत निघाला. कृष्णनाथचा चेहरा फुलला. गोकुळदासचा उतरला. कृष्णनाथला वाटलं, दुसऱ्याची काळजी लागली असेल. त्याने त्याला धीर दिला.

एवढ्यात कमलाक्षी डबा घेऊन आली. पातळभाजी आणि पोयी, म्हणजे आमचा कोंड्याचा पाव. दोघांना वाढून ती माझ्याकडे बाल्कांवावर येऊन बसली. गाडी नीट होईल ना, हेच तिने तीनतीनदा विचारलं. मी तिला सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण नवराबायकोच्या मधे तोंड घालायला मी कोण? मी पदराने वारा घेत बसले.

दुसरा नट जास्त कठीण होता. त्याच्या कडा झिजल्या होत्या. कृष्णनाथने पुष्कळ वेळ तापवला, मेण पाजलं, आणि मग उठून पाना गोकुळदासच्या हातात दिला. त्यांच्या वर्कशॉपमध्ये म्हणे अशी चाल होती की शेवटचा बोल्ट मशीन चालवणाऱ्याने काढायचा. जोर कर, पण आवाज ऐक, एवढं सांगून तो मागे सरला.

मी उठून उभी राहिले. एक हिसका पुरे होता. कोणी त्याला बोल लावला नसता. झिजलेला नट, गंजलेली सळी, मोडली तर मोडली. कधी नव्हे ते मी एखादी वस्तू मोडावी म्हणून देवीला हात जोडले. गोकुळदासने पाना लावला, पाय रोवले आणि ओढलं. बारीक कर्र असा आवाज आला. तो आवाज सळी मोडायला आल्याचा होता, हे मला इतक्या लांबून कळलं, मग त्याला कळलं नसेल होय? आणि नेमका तिथेच त्याचा हात थांबला. त्याने पाना थोडा उलटा घेतला, दम धरला, पुन्हा हळूच पुढे नेला. ज्या हाताने आयुष्यभर ती गाडी जपली त्या हाताला मोडणं माहीतच नव्हतं. नट फिरला, फिरत गेला आणि अख्खा त्याच्या तळहातावर आला.

कमलाक्षी धावत खाली गेली. तिने देवळाच्या दिशेला हात जोडले. "देवीन राखल्यान," ती म्हणाली.

गोकुळदास हातातल्या नटाकडे बघत होता. "देवीन गाडी राखल्यान," तो म्हणाला. "मी दमलंय गो. रोज सकाळी किक मारतंय नि मनात म्हणतंय, आज चालू होव नको."

कृष्णनाथ फडक्याने हात पुसत होता, तो तसाच थांबला. कमलाक्षीने जोडलेले हात खाली घेतले. मग ती नवऱ्यासमोर खाली बसली. म्हणाली, "माका वाटलां, गाडी गेली तर तुमी जगूचे नाय. म्हणान मी देवीक तसां इचारलंय."

"देवीक इचारलंस," तो म्हणाला. "माका इचारूक नाय."

त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते ऐकवलं नाही. माझे डोळे भरून आले. कमलाक्षी खाली मान घालून बसली होती. रस्त्यावरून एक बस गेली, तिची धूळ खाली बसली. मग तिने त्याच्या हातातला नट काढून घेतला आणि कृष्णनाथपुढे ठेवला. नवा सायलेन्सर बसवू नको, असं तिने त्याला सांगितलं.

"आणि देवी?" गोकुळदासने विचारलं.

"देवीक काय ता मी सांगतंय. तुमी घरा चला."

तिने डबा पुसून पिशवीत घातला आणि दोघं निघाली. गाडी कृष्णनाथच्या पत्र्याखाली राहिली. मी त्यांना वळणापर्यंत बघत होते. त्याला चालायची सवय राहिली नव्हती, म्हणून ती मधेमधे थांबून त्याला पुढे येऊ देत होती.