बॅटरी खाली आहे

सुधाताईला ग्वाल्हेरात येऊन एकतीस वर्षं झाली, पण जिभेनं तिनं खटावची शीव ओलांडली नाही. थाटीपुरातल्या सासरी सगळे मराठीत हिंदी कालवून बोलायचे आणि हिच्या 'व्हतं-न्हाई'ला फिदीफिदी हसायचे. ती मुद्दाम तसंच बोलत राहिली.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मागं राहिली त्याची जुनी पांढरी गाडी. किला गेटला सुधाताईचं शिवणाचं दुकान. कापडाचे गठ्ठे टाकून ती रोज स्वतः गाडी हाकत जायची. तेच धाकट्या दिराच्या, संग्रामसिंहाच्या डोळ्यात सलायचं. गाडी घरची, म्हणजे त्याच्या पोराची, अंशुलची. गाडी गेली की दुकान बसेल, दुकान बसलं की बाई घरात बसेल, एवढं मात्र तो तोंडानं बोलत नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी चावी फिरवली तर गाडी नुसती टक् करून गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. संग्रामसिंह ओट्यावर चहा ढोसत होता. त्यानं तिथूनच सांगून टाकलं की हिच्यात आता जीव नाही, अंशुल दोर आणायला गेलाय, ओढून नेऊ, नीट झाली की तोच वापरेल. एकदा फाटकाबाहेर गेलेली गाडी आपल्या हाती परत येत नाही, हे सुधाताईनं ओळखलं.

तिचा बाप गावाकडं वडापची, माणसं भरून न्यायची जीप चालवायचा. भर रस्त्यात बिघडली तर तिथंच पान्यानं मोकळी करायचा. ते बघून बघून हिचेही हात शिकले होते. तिनं बॉनेट उघडलं. हॉर्न दाबला, तो कान फाटेल असा वाजला. दिवे लावून चावी फिरवली, दिवे जराही मंदावले नाहीत, म्हणजे बॅटरीत जीव होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. तिनं आधी काळी तार सोडवली, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून दात घासायच्या जुन्या ब्रशनं टोकं घासली, कोरडी केली, तारा परत आवळल्या. चावी फिरवली. टक्.

"वहिनी, कशाला परेशान होता? बॅटरी खाली आहे, एवढं पण समजत नाही?" संग्रामसिंह म्हणाला.

"बॅटरीच्या खाली व्हय?" म्हणत ती वाकलीच.

त्याचं 'खाली' हिंदीतलं, म्हणजे रिकामी. हिचं खटावचं, म्हणजे बुडाशी. तो खदखदून हसला. बायकोला बाहेर बोलावून सांगितलं की बघ, एकतीस वर्षांत बाईला 'खाली'सुद्धा कळेना. सुधाताईची कानशिलं तापली. पण ती वर उठली नाही. बॅटरीच्या बुडाशी, गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची जाड तार गंजक्या बोल्टावर नुसती लोंबत होती. दिव्याला, हॉर्नला वीज मिळायला दुसरीकडून वाट होती. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला मात्र हीच.

तिनं पाना उचलला. बॅटरीची काळी तार परत उतरवली, बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड चकाकेपर्यंत घासलं आणि बोल्ट परत लावून असा आवळला की दंडाच्या शिरा वर आल्या. मग काळी तार जागेवर बसवली. अंशुल दोर घेऊन फाटकात शिरला तेव्हा ती गाडीत बसली होती. तिनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि पहिल्याच दमात सुरू झालं.

संग्रामसिंह उठून उभा राहिला. म्हणाला, आज चालली, उद्या पुन्हा बंद पडेल, तेव्हा हात जोडत येऊ नका.

"बंद पडली तर म्या बगीन. तुमी पोराला बाजूला घ्या, भावजी."

पोरगं फाटकात तसंच उभं राहून बापाकडं बघत होतं. तिनं पहिला गिअर टाकला आणि गाडी त्याच्या गुडघ्यांना लागेलशी नेली. मग ते आपोआप बाजूला झालं.

ती गाडी त्या फाटकातून पुन्हा आत आली नाही. सुधाताई ती दुकानासमोरच उभी करते, सवाऱ्या भरणाऱ्या टेंपोनं घरी येते, आणि ओट्यावरल्या दिराच्या पुढून चावी कंबरेला खोचून आत जाते.